विश्लेषण : जुना प्रोसेसर पळवायला स्वस्त मदरबोर्ड, पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात?

एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात संगणकाच्या मेमरीचे भाव चढले आणि नवा डीडीआर ५ डेस्कटॉप जोडण्याचा बेत अनेकांनी पुढे ढकलला. २०१७-१८मध्ये घेतलेला, डीडीआर ४ मेमरीचा संगणक आणखी दोन-तीन वर्षे रेटता येतो का, याची चाचपणी सुरू झाली. त्यातूनच पुढचा विचार येतो : प्रोसेसर जुना असला तरी ओव्हरक्लॉक होतो, मग त्याच्यासाठी एखादा स्वस्त मदरबोर्ड घेतला तर? लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, अशा ग्राहकापुढे रंगीत दिवे आणि खोक्यावरचा ‘गेमिंग’ हा शब्द आधी येतो. बोर्डाचा जो भाग ओव्हरक्लॉकिंगचा खरा भार उचलतो, त्याची चौकशी ग्राहकालाच करावी लागते.

ओव्हरक्लॉकिंगने नेमके काय मिळते?

प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले एक आकडा. ३४ने गुणले की ३.४ गिगाहर्ट्झ. हा गुणक बायोसमधून वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढला की प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खरा खर्च तिथे होतो. वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

एएमडीचा २०१७चा राइझन ५ १६०० घ्या. सहाही कोअर कामात असताना तो ३.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. बरेच नग ३.८-३.९पर्यंत जातात. समजा ३.९ गाठले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२वरून १.३५ करावे लागले. वेग वाढला १५ टक्के. वीज आणि उष्णता वाढली सुमारे ४५ टक्के. लग्नाचा व्हिडीओ एक्स्पोर्ट करायला जिथे तास लागत होता, तिथे साधारण ५२ मिनिटे लागतील. रोज असे चार व्हिडीओ काढणाऱ्याला हे अर्ध्या तासाचे बचतीचे काम आहे. ज्याचा संगणक ग्राफिक्स कार्डामुळे अडतो आहे, त्या गेमरला मात्र फरक जाणवणारही नाही.

हे कोणत्या बोर्डावर होते?

इंटेलच्या बाबतीत दोन अटी आहेत. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘के’ हवा आणि चिपसेट प्रामुख्याने ‘झेड’ मालिकेचा. २०११च्या आय ५ २५०० के या गाजलेल्या प्रोसेसरला पी ६७, झेड ६८ किंवा झेड ७७ बोर्ड लागतो. बाजारात त्याला बसणारे एच ६१ बोर्ड आजही नवे म्हणून मिळतात. त्यावर तो चालेल, पण गुणक वाढणार नाही. २०१४च्या पेंटियम जी ३२५८च्या वेळी काही उत्पादकांनी एच ८१सारख्या स्वस्त बोर्डांवरही बायोसमधून ही मुभा दिली होती, पण तो अपवाद. चांगल्या स्थितीतला जुना झेड ७७ अनेकदा प्रोसेसरपेक्षा महाग पडतो. डीडीआर ३च्या त्या काळातल्या इंटेल संगणकावर आता ओव्हरक्लॉकिंगसाठी पैसे घालू नयेत, हे स्पष्टच सांगायला हवे.

एएमडीच्या एएम ४ सॉकेटची गोष्ट वेगळी. तिथे राइझन प्रोसेसर जवळपास सगळेच खुले आहेत आणि बी ३५०, बी ४५० हे मधल्या किमतीचे चिपसेटही ओव्हरक्लॉकिंग करू देतात. ए ३२० आणि ए ५२० देत नाहीत. इथे एक सापळा आहे. बी ५५० हा बी ४५०नंतर आलेला, दिसायला दमदार, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीच्या राइझनसाठी तोच उचलला जातो. पण राइझन ५ १६०० किंवा २६००ला त्यावर अधिकृत पाठबळच नाही. घरी आणून जोडल्यावर पडदा काळा राहतो आणि दोष प्रोसेसरवर जातो.

खरी परीक्षा : सॉकेटच्या शेजारी

एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात सव्वा-दीड. हे रूपांतर सॉकेटभोवतीचे मॉसफेट, चौकोनी चोक आणि कॅपॅसिटर मिळून करतात. या व्यवस्थेला व्हीआरएम म्हणतात. १०० वॉट घेणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर ८० अँपिअर ओढतो. घरातला दीड टनाचा एसी २३० व्होल्टवर सात-आठ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या दहापट प्रवाह बोर्डावरच्या दोन इंच जागेतून जात असतो.

हा प्रवाह फेजमध्ये वाटला जातो. चार फेज असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला २० अँपिअर, सहा असतील तर सुमारे १३. फरक छोटा वाटतो. पण वाहकातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सहा फेजच्या बोर्डावर प्रत्येक फेजची ही उष्णता निम्म्याहूनही कमी होते. अर्थात चांगल्या मॉसफेटच्या चार फेज सामान्य मॉसफेटच्या सहा फेजना भारी पडू शकतात. जाहिरातीतला आकडा म्हणूनच जपून वाचावा. ‘४+३’ असे लिहिलेले असेल तर प्रोसेसरच्या कोअरसाठी फक्त पहिल्या चार; बाकीच्या तीन चिपमधल्या इतर भागांसाठी. काही ठिकाणी एकाच फेजवर दोन-दोन चोक बसवून संख्या फुगलेली दिसते. खोके मिटवावे, बोर्डाचा फोटो मोठा करावा आणि मॉसफेटवर ॲल्युमिनियमची हीटसिंक आहे का ते पाहावे. अगदी स्वस्त बोर्डांवर ती नसते किंवा एकाच बाजूला असते. ती नसेल तर तो बोर्ड ओव्हरक्लॉकिंगच्या यादीतून काढून टाकावा, चिपसेटची परवानगी असली तरी.

बी ४५०च्या पिढीत एमएसआयच्या टॉमाहॉकचे नाव झाले ते याच कारणाने. त्याच्या मुख्य फेज चारच, पण हीटसिंक भरभक्कम. शिवाय प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण. असे बोर्ड आता बहुतेक वापरलेलेच मिळतात.

नागपूरचा मे महिना यूट्यूबवर नसतो

बोर्डांच्या चाचण्यांचे व्हिडीओ बहुतेक वेळा २०-२२ अंशांच्या खोलीत झालेले असतात. विदर्भात मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीतही ३५ अंश सहज असतात. चाचणीत व्हीआरएम ९० अंशांवर थांबला असेल तर इथे तो १०३-१०५पर्यंत जाईल, एवढा साधा हिशेब आहे. मॉसफेट हे सोसतात. शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य मात्र ढोबळमानाने दर दहा अंशांना निम्मे होते. बोर्ड त्या दिवशी जळत नाही. वर्षभराने संगणक मधूनच रीस्टार्ट होऊ लागतो आणि कारण कळत नाही. त्यातच अनेक स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचे तापमान दाखवणारा सेन्सर नसतो, त्यामुळे स्क्रीनवर सगळे ठीक दिसते.

आणखी एक गोष्ट उलटी घडते. प्रोसेसरसोबत आलेला चपटा कूलर हवा खाली फेकतो, त्यामुळे सॉकेटभोवतीचे भागही थंड राहतात. ओव्हरक्लॉकिंगसाठी म्हणून उंच टॉवर कूलर किंवा पाण्याचा कूलर लावला की प्रोसेसर गार, पण व्हीआरएमवरचा वारा बंद. कॅबिनेटच्या वरच्या किंवा मागच्या बाजूला, व्हीआरएमजवळ एक साधा पंखा लावणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर तो आधी बदलावा. बोर्डाचा विचार त्यानंतर.

मग नवा बोर्ड घ्यावा का?

सध्याचा ए ३२० बोर्ड धडधाकट असेल आणि केवळ ओव्हरक्लॉकिंगसाठी दुसरा बोर्ड घ्यायचा असेल, तर बहुतेकांसाठी उत्तर नाही असेच आहे. बोर्ड, बरा कूलर आणि कदाचित एसएमपीएस इतका खर्च १५ टक्क्यांसाठी होतो. त्याच सॉकेटमध्ये राइझन ५ ५६०० बसतो. कोअर सहाच, पण रचना दोन पायऱ्या पुढची. त्याच वेगाला होणारे काम आधी १५ आणि मग १९ टक्क्यांनी वाढल्याचा एएमडीचा दावा आहे आणि वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. १६००ला कितीही ताणले तरी तो इथवर पोहोचत नाही. बी ४५०वर बायोस अद्ययावत करून हा प्रोसेसर चालतो, २०२२पासून अनेक ए ३२० आणि बी ३५० बोर्डांवरही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलची, शक्यतो त्या आवृत्तीची यादी पाहावी.

विंडोजचा मुद्दाही आहेच. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत राइझन ५ २६०० आहे, १६०० नाही. गुणक वाढवून त्या यादीत जागा मिळत नाही.

बोर्ड मेलाच असेल तर प्रश्न बदलतो. पैसे जाणारच आहेत, तेव्हा ए ३२०ऐवजी हीटसिंकवाला बी ४५० घेणे शहाणपणाचे. आज १६०० थोडा पळवावा, उद्या त्याच बोर्डावर ५६०० बसवावा. ३६०० किंवा त्यापुढचा प्रोसेसर आधीच असेल तर हाताने ओव्हरक्लॉक करण्यात फारसा अर्थ नाही. तो स्वतःच वेग वर-खाली करतो. सगळे कोअर एकाच वेगाला बांधले तर एका कोअरवरच्या कामात उलट मागे पडू शकतो.

खर्चाशिवाय होणारी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : मेमरी. राइझनमधल्या अंतर्गत जोडणीचा वेग मेमरीच्या वेगाशी बांधलेला आहे. ३२०० लिहिलेली रॅम बायोसमध्ये एक्सएमपी सुरू न केल्यास २१३३ किंवा २४००वर पडून असते. ही सोय बहुतेक ए ३२० बोर्डांवरही असते. पहिल्या पिढीचा राइझन अधिकृतपणे २६६६पर्यंतच असल्याने ३२००वर अडखळला तर २९३३ लावून पाहावे.

ज्यांना करायचेच आहे त्यांनी व्होल्टेज १.३५च्या आसपास थांबवावे, वेग एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवावा आणि ओसीसीटीसारखी चाचणी भर दुपारी तासभर चालवावी. रात्री यशस्वी झालेली चाचणी मे महिन्यात उपयोगाची नाही. वापरलेला बोर्ड घेताना सॉकेटभोवती पीसीबी काळवंडलेला नाही ना, मागच्या बाजूला स्क्रूचे ओरखडे नाहीत ना, हे उजेडात पाहावे आणि दुकानातच चारही रॅम स्लॉट चालवून घ्यावेत. जुन्या बोर्डातून प्रोसेसर काढण्याआधी संगणक दहा मिनिटे चालवून बंद करावा, पेस्ट मऊ झाली की कूलर किंचित फिरवून सोडवावा. एएम ४मध्ये पिना प्रोसेसरला असतात; कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि वाकलेल्या पिना सरळ करण्यात संध्याकाळ जाते.