शेजाऱ्याची भरभराट आणि आपण

प्रगतीची उदाहरणे शोधताना आपली नजर नेहमी दूर जाते. कोणी सिंगापूरचे नाव घेतो, कोणी दुबईचे. परंतु एखाद्या प्रदेशाची खरी आर्थिक कुवत अजमावायची असेल, तर त्याची तुलना त्याच्या शेजाऱ्याशीच केली पाहिजे. हवामान, इतिहास आणि बाजारपेठ यांत बरेचसे साम्य असूनही दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, त्या का होतात हे पाहण्यातच खरा धडा असतो.

१९९१ साली सोव्हिएत संघराज्याचे विसर्जन झाले आणि त्यातून पंधरा स्वतंत्र राष्ट्रे निर्माण झाली. आरंभरेषा जवळजवळ एक असूनही त्यांची गती एक राहिली नाही. कझाकस्तानला भूगर्भातील तेलाने हात दिला. पण तेलाच्या जागतिक भावाबरोबर त्या देशाचे नशीबही वरखाली होऊ लागले. एस्टोनियापाशी असे भांडवल फारसे नव्हते. त्या चिमुकल्या राष्ट्राने शिक्षण, पारदर्शक प्रशासन आणि संगणकविद्या यांवर भर दिला. २००४ मध्ये ते युरोपीय संघात गेले आणि २०११ मध्ये युरो हे चलन स्वीकारण्याइतके स्थिरावले. मध्य आशियात मात्र निराळीच कहाणी घडली. नारीन नदीवरील तोक्तोगुल जलाशयाचे पाणी किरगिझस्तानने उन्हाळ्यात खालच्या प्रजासत्ताकांच्या शेतीसाठी सोडावे आणि त्यांनी हिवाळ्यात त्याला कोळसा व वायू पुरवावा, अशी जुनी घडी होती. सीमा उभ्या राहिल्या, घडी मोडली. किरगिझस्तान विजेसाठी हिवाळ्यात पाणी सोडू लागला. खालच्या शेतांना ते ऐन पेरणीच्या हंगामात कमी पडू लागले. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले.

हे सारे आम्ही येथे सांगतो आहोत ते आपल्याच घाटापलीकडच्या शेजाऱ्याच्या, हुबळी-धारवाडच्या, संदर्भात. तो भाग मुंबई इलाख्यातून १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. गोवा १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. निरनिराळ्या सत्तांच्या छायेतून आलेले हे दोन प्रदेश भूगोलाने मात्र एकमेकांस बांधलेले आहेत. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावपासून घाटावर रेल्वे चढली, ती धारवाडकडचा कापूस आणि धान्य बंदरास मिळावे म्हणूनच. १९५५ च्या आर्थिक नाकेबंदीत ती वाट तुटली, मुक्तीनंतर पुन्हा जोडली गेली. आज गोव्यातील कुळे-वास्को मार्ग ज्या नैर्ऋत्य रेल्वेच्या अखत्यारीत येतो, तिचे मुख्यालय २००३ पासून हुबळीतच आहे. हुबळी स्थानकाचा १,५०७ मीटरचा फलाट २०२३ मध्ये जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून लोकार्पित झाला.

आता दोघांचा ताळेबंद मांडून पाहू. दरडोई उत्पन्नात गोवा देशातील अग्रगण्य राज्यांत मोडतो. धारवाड जिल्हा त्याच्या जवळपासही नाही. परंतु उत्पन्नाचा आकडा आणि उत्पन्नाचा पाया या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोव्याच्या अर्थकारणाचा एक खांब लोहखनिजाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले, तेव्हा ट्रकमालकांपासून बार्जवरच्या खलाशांपर्यंत हजारो घरांतील चुली थंडावल्या. दुसरा खांब पर्यटनाचा. तो किती ठिसूळ आहे हे २०२० च्या टाळेबंदीने दाखवून दिले.

हुबळी-धारवाडने मात्र एकाच धंद्यावर भिस्त ठेवलेली नाही. हुबळी ही पूर्वीपासून व्यापाराची पेठ, धारवाड हे विद्येचे गाव. कर्नाटक विद्यापीठ, कृषिविज्ञान विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे पीठ, बसबांधणीचा कारखाना, रेल्वेचा पसारा अशा अनेक आधारांवर ते जुळे शहर उभे आहे.

याचा अर्थ शेजाऱ्याचे सारे गोमटे आहे असे नव्हे. बंगळूरच्या तेजापुढे उत्तर कर्नाटक झाकोळले गेले, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. प्रादेशिक असमतोलाची चौकशी करणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातील ११४ तालुके मागासलेले ठरविले. त्यांपैकी ३९ अतिमागास होते. १९६२ पासून एका महानगरपालिकेत नांदणाऱ्या या शहरांपैकी धारवाडला आपल्या वाट्यास कमी येते असे वाटतच राहिले, आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्याच्या स्वतंत्र महानगरपालिकेस मान्यता दिली. पाण्याची टंचाई तर तेथील गृहिणीच्या रोजच्या अनुभवाची आहे.

तरीही एका बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. २०१६ मध्ये धारवाड आणि गोवा या दोन्ही ठिकाणी भारतीय तंत्रज्ञान संस्था एकाच वेळी सुरू झाल्या. धारवाडच्या संस्थेचे स्थायी संकुल २०२३ च्या मार्चमध्ये उद्घाटित झाले. आपल्याकडे लोलये, सांगे, मेळावली अशी नावे एकामागून एक पुढे आली आणि कधी ग्रामस्थांच्या विरोधापायी, कधी जागेच्या अडचणीपायी मागे पडली. संस्था फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आश्रितासारखी राहिली. ग्रामस्थांचा विरोध खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या जे ती कसत आले, त्यांना विश्वासात न घेता मोजणीची साखळी टाकली, तर दुसरे काय होणार? दोष आहे तो नियोजनाचा.

राहता राहिला म्हादईचा प्रश्न. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२, महाराष्ट्रास १.३३ आणि गोव्यास २४ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ टीएमसी कळसा व भांडुरा नाल्यांतून मलप्रभेकडे वळविण्याची मुभा आहे. या निवाड्यास तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. म्हादई ही गोव्याची जीवनदायिनी. तिचा प्रवाह क्षीण झाला तर खारे पाणी वर चढेल, सत्तरीपासून दिवाडीपर्यंत त्याची झळ पोहोचेल. म्हणून खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास आमचा विरोध आहे आणि राहील. परंतु विरोध करताना हुबळीच्या तहानलेल्या नागरिकास शत्रू मानण्याचे कारण नाही. मलप्रभेचे पाणी प्रामुख्याने उसाच्या मळ्यांत जाते की नळांत, हा प्रश्न आकडेवारीनिशी विचारला पाहिजे. नुसत्या घोषणांनी तोक्तोगुलचीच पुनरावृत्ती होईल.

हाच न्याय रेल्वेलाही लावावा लागेल. तिनईघाट ते कुळे या दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ती पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी. मुरगावात कोळसा उतरवून बळ्ळारीच्या पोलाद कारखान्यांस पाठविणे, एवढाच जर दोन प्रदेशांमधला व्यापार असेल, तर धूळ आपली आणि नफा दुसऱ्याचा. परंतु आपल्या घरातली भाजी बेळगावकडून येते, दूध घाटावरून येते, बांधकामावरचा मजूर गदग-बागलकोटकडून येतो. आणि त्या भागाचा समुद्राशी जवळचा दरवाजा मुरगावच आहे. हे परस्परावलंबन नाकारून कोणाचेच भले होणार नाही.

म्हणून दोन्ही सरकारांना आमचे सांगणे आहे. नदीच्या प्रवाहाचे मोजमाप संयुक्तपणे व्हावे आणि त्याचे आकडे जनतेसमोर यावेत. धारवाडच्या शेतीशास्त्राचा लाभ आपल्या पडीक शेतांना मिळावा, आपल्या बंदराचा लाभ त्यांच्या मिरची-कापसाला मिळावा. आणि गोवा सरकारने उत्पन्नाच्या आकड्यांचा अभिमान बाळगण्याआधी हे पाहावे, की गोमंतकीय तरुणाला शिकण्यासाठी आणि पोटासाठी घाट ओलांडावा लागतो तो निवडीने की नाइलाजाने. मुक्तीसाठी ज्यांनी तुरुंग भोगले, त्यांच्या नातवंडांना या प्रश्नाचे उत्तर मिळणे हे आपले देणे आहे.