शिकाऊ म्हणता, तर शिकवा!

निकाल लागले की आपल्याकडची आयटीआयची पोरं चाकण, वाळूजच्या गाड्यांच्या कंपन्यांत अप्रेंटिसचे अर्ज भरायला धावतात. जरूर भरा. पण कशावर सही करताय, ते आधी वाचा.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा. कलम १८ म्हणतं, अप्रेंटिस शिकाऊ आहे, कामगार नाही. म्हणून कामगार कायदेही त्याला लागू नाहीत. ठीक आहे. मग शिकवा ना! वर्षभर लाइनवर एकाच जागी उभं राहून तेच चार बोल्ट आवळणं हे शिक्षण कुठलं? ही स्वस्तातली मजुरी झाली. वर नॅप्स योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. म्हणजे तुमच्याआमच्या करातून.

कंपन्या म्हणतात, नोकरीची हमी दिलीच नव्हती. बरोबर, कायदा तशी सक्ती करत नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीनं कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलंय: ट्रेनिंग संपलेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक मालकानं स्वतःचं धोरण ठरवायचं. कुठंय ते धोरण? लावा की गेटवर!

पोरांनो, सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, एजंटाला दमडी देऊ नका. नोंदलेला करार हातात घ्या. ट्रेड, मुदत, स्टायपेंड तपासा. धोरणाची प्रत मागा.

आणि रोजगार मेळाव्यात फोटो काढणाऱ्या नेत्यांनो, पुढच्या वेळी एवढंच सांगा: मागच्या मेळाव्यातून लागलेल्यांपैकी आज कामावर किती आहेत?