साथीचीही आगोट भरावी

कुठल्याही नव्या तापाची बातमी आली की शहरात एक प्रश्न हमखास निघतो: घरात किती दिवसांचं सामान भरून ठेवावं? आमच्या पोलादपूर तालुक्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण इथे घराघरात दरवर्षी आगोट भरली जाते. मृग लागायच्या आत पावसाळ्याची बेगमी करायची, हे सासूकडून सुनेकडे आलेलं काम. कणगीत भात, एरंडेल चोळलेली तूरडाळ, कडवे वाल, आमसुलं, आंबोशी, खडं मीठ, वर्षाचा मसाला, सुका जवळा नि बोंबील, फणसाच्या आठळ्या आणि पडवीत रचलेली फाटी. पूर्वी ओढ्यांना पाणी आलं की वाड्या तुटायच्या, बाजार दिसत नसे. आता डांबरी रस्ते झाले, पण दरडी कोसळायच्या थांबल्या नाहीत. म्हणून सवय टिकली.

माझं गावात किराणा दुकान आहे. माल महाडहून येतो. गल्ल्याच्या या बाजूला उभं राहून मी दोन तऱ्हेचे साठे पाहिले आहेत. मे महिन्यातला साठा हळूहळू होतो. या आठवड्यात डाळ, पुढच्या आठवड्यात तेल, मुलाची मनीऑर्डर म्हणा किंवा हल्लीचं फोनवरचं पेमेंट आलं की मिरची. दुकानदाराला अंदाज असतो, तोही जादा माल मागवतो आणि कोणाचं काही अडत नाही. दुसरा साठा घोषणेनंतरचा. तो एका रात्रीत होतो आणि त्यात कोणाचं तरी नक्की अडतं. साठा करण्यात काही पाप नाही. तो कधी केला आणि किती तोंडांचा हिशेब धरून केला, एवढंच पाहायचं. आणि ज्याच्या हातात आगाऊ पैसा नाही, त्याची आगोट सरकारने आणि गावाने भरायची, असं माझं म्हणणं आहे.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढ्या उभ्या राहायच्या आधी दुकानापुढे रांग उभी राहिली. ज्यांच्याकडे गाडी होती ते तेलाचा डबा, साखरेचं पोतं, तांदळाचे कट्टे मागत होते. ज्यांची मजुरी आठवड्याने हातात येते ते पावशेर साखर आणि चहापत्तीची पुडी मागत होते. भीती दोघांनाही सारखीच होती, पण पहिल्याची भीती रोख होती आणि दुसऱ्याची उधार. मी घरटी दोन किलो साखर आणि तेलाच्या दोन पिशव्या असं ठरवलं. त्यावर एकजण म्हणाला, ‘‘काकी, पैसे देतोय ना? मग तुमचं काय जातं?’’ माझं काहीच जात नव्हतं. रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईचं जात होतं.

व्यापाऱ्याने माल कोंडून ठेवला तर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा त्याच्या मागे लागतो, आणि लागायलाच हवा. त्याच मार्चमध्ये केंद्राने मास्क आणि सॅनिटायझरसुद्धा त्या कायद्याखाली आणले होते. गिऱ्हाइकाने मात्र गाडी भरून नेली तर त्याला आपण दूरदृष्टी म्हणतो. घराघरात जाऊन कोणी डबे मोजावेत, असं मला म्हणायचं नाही. पण रात्रीत केलेल्या साठ्याला शहाणपणाचं नाव तरी देऊ नये. जो शहाणा होता त्याचे डबे आधीच भरलेले होते, त्यामुळे पाडव्याला तो रांगेतच नव्हता.

आमच्याकडच्या आगोटीलाही त्या वर्षी एक हिशेब चुकला. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये एरवी घरात असतात म्हातारा-म्हातारी. मुलगे, सुना, नातवंडं मुंबईत, ठाण्यात, विरारला. साठा दोघांच्या बेताचा. टाळेबंदीत मुंबईतली कामं बंद झाली, दहा बाय दहाच्या खोलीत राहणं अशक्य झालं, आणि माणसं महामार्गाने गावाकडे निघाली. कोणी टेम्पोतून, कोणी मोटरसायकलवर, कोणी पायी. शाळेत चौदा दिवस विलगीकरण, जेवणाचा डबा घरून फाटकापर्यंत. त्यानंतर एकेका घरात दोनाच्या जागी सात-आठ ताटं लागली. आधी गाव धास्तावलं होतं ते रोगाला. मग घरचं माणूस दिसलं आणि भाताचं आधण वाढलं.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा शहराची वस्ती आठ लाखांच्या वर होती, आणि काही महिन्यांत तिच्यातली जवळपास निम्मी माणसं शहर सोडून गेली. गिरण्यांमधला कोकणी कामगार त्यांत होताच. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झात, तर साथ आणि महागाई एकदमच आल्या. त्या साली पाऊस दगा देऊन गेला, धान्याचे भाव चढले आणि अर्धपोटी माणसांना तो ताप अधिक भोवला. थोडक्यात, मुंबईत साथ आली की तिची भूक आमच्या चुलीपाशी येते. इथल्या घराचा साठा मोजताना शिधापत्रिकेवरची नावं मोजून भागत नाही. गणपतीला जेवढी माणसं घरात असतात, तेवढी धरावी लागतात.

तांदूळ मात्र २०२० च्या टाळेबंदीत कमी पडला नाही, हे सांगायला हवं. एप्रिलपासून गरीब कल्याण अन्न योजनेतून माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला. मे-जूनमध्ये केशरी कार्डालाही माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळाला. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या आमच्या माणसाला महिन्याला दहा-बारा किलो तांदूळ लागतो, तेव्हा पाच किलोत महिना जात नाही. पण कणगीतला भात आणि रेशनचा तांदूळ मिळून लोकांनी निभावलं. फक्त बाहेरून आलेल्यांची कार्डं मुंबईची होती, आणि गावच्या रेशन दुकानात धान्य उतरतं ते गावच्या कार्डांच्या हिशेबाने.

अडचण झाली ती दुसऱ्याच गोष्टींची. रक्तदाबाच्या नि साखरेच्या गोळ्या. इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गोळ्या मुलगा मुंबईहून आणतो, शिमग्याला आणि गणपतीला. एसटी बंद, मुलगा अडकलेला, आणि चिठ्ठी त्याच्याकडे. एक आजी दुकानात येऊन म्हणाली, ‘‘बाय, साखर नको, माझी ती पांढरी गोळी कुठे मिळते का बघ.’’ नाव विचारलं तर तिला रंगच तेवढा माहीत. आम्ही डब्यांत चार महिन्यांचे वाल भरतो आणि गोळ्यांची पट्टी दहा दिवसांची ठेवतो. मग मोबाइलचा रिचार्ज, गॅसची टाकी, मुलींसाठी पॅड, तान्ह्या बाळासाठी दूध पावडर आणि, हसू नका, म्हाताऱ्यांची मिश्री. यातलं काहीही आईने शिकवलेल्या आगोटीत नव्हतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, ऐन आगोटीच्या तोंडावर धान्य भिजलं. रेशनचा गहू घरात होता, पण वीज नाही तर गिरण नाही. माळ्यावरची जाती कोणी खाली काढली, कोणी गहू भिजवून शिजवला. दळण हाही साठ्याचा भाग असतो, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी कोरोना सरलेला नसतानाच २२ जुलै आला. सावित्री आणि गांधारी या नद्या महाडमध्ये शिरल्या, बाजारपेठ बुडाली, घाऊक दुकानदारांची पोती चिखल होऊन बाहेर आली. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली; आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी जीव घेतले. आंबेनळी घाट तुटला. त्या दिवसांत ज्याच्या घरी तांदूळ होता त्याने तो शिजवून शेजाऱ्याला दिला, आणि ज्याची कणगीच वाहून गेली त्याच्या पदरात शेजाऱ्याचा साठा पडला. एकाच घरात केलेली सगळी तयारी एका पुरात जाऊ शकते. म्हणून साठा थोडा घरात, थोडा गावात, आणि गावातला उंच जागी असावा लागतो.

आता सरकारचा भाग. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचं रेशन पावसाआधी एकदम वाटायला सांगितलं. चार माणसांच्या घरात साठ किलो धान्य मृगाआधी येणं, याची किंमत रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला विचारा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याही घरात आगोट होती. हे एका वर्षाचं औदार्य न राहता दरडप्रवण आणि पूरप्रवण तालुक्यांत दरवर्षीचा नियम व्हावा. धान्याबरोबर डाळ आणि तेल असेल तर उत्तम. साथीची चाहूल लागली तर हेच काम घोषणेच्या आधी करता येतं. टाळेबंदी लावायचीच असेल तर आधी रेशन दुकानं भरावीत, मग लोकांना घरात बसवावं.

गावाचा भाग त्याहून सोपा आहे. आमच्याकडे प्रत्येक गावाचं मुंबई मंडळ असतं. देवळाच्या जीर्णोद्धाराला मंडळ लाखांनी वर्गणी जमवतं, आणि त्यात मीही देते. त्या वर्गणीतला एक छोटा वाटा गावच्या कोठारासाठी काढायला देवाची हरकत नसावी. महिला बचत गटाने ते सांभाळावं: काही पोती तांदूळ, वाल, मीठ, तेल, जंतुनाशक द्रावण, जलसंजीवनीची पाकिटं, पॅड, बॅटऱ्या. ते दर आगोटीला भरायचं आणि दिवाळीनंतर जुना माल रास्त भावात विकून नवा घ्यायचा, म्हणजे कीड लागणार नाही. आशाताईकडे गावातल्या प्रत्येक रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाची आणि त्याच्या गोळ्यांच्या नावांची यादी असावी, आणि मे संपायच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात.

घरापुरतं सांगायचं तर आगोटीखेरीज एरवीच्या दिवसांत महिनाभर पुरेल एवढं सामान पुरे. त्याहून जास्त भरलं तर उंदीर आणि टोके खातात, कमी भरलं तर पाडव्याच्या सकाळी रांगेत यावं लागतं. आज डाळीच्या एका पुड्याऐवजी दोन घ्या, पुढच्या महिन्यात तेल. ज्यांना हे जमतं त्यांनी ते आत्ताच करावं, कारण त्यांनी आधी केलं की ऐन वेळी माझ्या दुकानातला माल ज्याच्याकडे कालची मजुरी तेवढी आहे त्याच्यासाठी उरतो.

महाराष्ट्रात १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. विषयपत्रिकेवर पाणीटंचाई असते, रस्ते असतात, घरकुलं असतात. आगोट तोंडावर आलेली असते, मुंबईकर सुट्टीला गावात असतात, बायका सभेला येतात. येत्या १ मे रोजी त्या पत्रिकेवर आणखी एक ओळ लिहा: गावची आगोट. कोण किती देणार, धान्य कुठे ठेवणार आणि गोळ्यांची यादी कोणाकडे, या तीन गोष्टी त्याच सभेत ठरवा आणि फळ्यावर लिहून ठेवा.