चुन्याची रेघ आणि लोखंडी जाळी

फुटबॉलच्या मैदानाभोवती चुन्याची एक पांढरी रेघ ओढलेली असते. तिची रुंदी फार तर पाच इंच. उंची मुळीच नाही. लहान मूलही ती सहज ओलांडील. तरीही तिच्या अलीकडे बसलेला हजारोंचा समुदाय दीड तास आपली जागा सोडीत नाही, म्हणूनच पलीकडे बावीस जणांना खेळता येते. क्रीडांगणावरचा सारा व्यवहार या एका संकेतावर उभा आहे. हा संकेत मोडण्याची चाल अलीकडे देशोदेशी पडू लागली आहे. तिचा विचार केवळ खेळाच्या बातम्यांवर सोपवून भागणार नाही, असे आम्हांस वाटते.

या खेळाचे नियम 1863 साली ज्या इंग्लंडात बांधले गेले, तेथलीच अवस्था प्रथम पाहावी. 17 मे 2022 रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टने शेफील्ड युनायटेडवर विजय मिळविताच प्रेक्षक मैदानात घुसले. शेफील्डचा कप्तान बिली शार्प दुखापतीमुळे त्या दिवशी खेळलाच नव्हता; तो कडेला उभा होता. एका प्रेक्षकाने धावत येऊन त्याच्या तोंडावर डोक्याची धडक मारली. त्या इसमाला 24 आठवड्यांची कैद झाली. दोनच दिवसांनी लिव्हरपूल शहरात एव्हर्टनच्या मैदानावर लोक असेच उतरले, आणि डिवचणाऱ्या एका प्रेक्षकाला क्रिस्टल पॅलेसचे प्रशिक्षक पॅट्रिक व्हिएरा यांनी लाथ मारली. 22 मे रोजी मँचेस्टर सिटीने विजेतेपद मिळविले. तेव्हाच्या झुंडीत ॲस्टन व्हिलाचा गोलरक्षक ओल्सेन याच्यावर हल्ला झाला आणि गोलाचा आडवा दांडाही मोडला. एका आठवड्यातली ही तीन उदाहरणे आहेत. आणि ध्यानात घ्यावे, की तिन्ही वेळा मैदानात धावलेला जमाव पराभवाने पिसाळलेला नव्हता. तो जिंकलेल्यांचा जमाव होता.

यावर कोणी म्हणेल, की आनंदाच्या भरात पोरे धावली तर एवढे काय बिघडले? सगळेच काही मारामारी करीत नाहीत. हे म्हणणे वरवर खरे आहे. परंतु हजार जण आनंदाने धावले, की त्यांच्या आडोशाने दहा जण द्वेषाने धावू शकतात, आणि त्या धावपळीत कोण मिठी मारायला येत आहे व कोण ठोसा द्यायला, हे खेळाडूला कळावे कसे? निरुपद्रवी माणूस रेघ ओलांडतो तेव्हा उपद्रवी माणसाला तो वाट मोकळी करून देतो. त्याचा दोष एवढाच, पण एवढा नक्की.

मैदानात माणसे शिरली की प्रत्येक वेळी हुल्लडच होते, असेही नाही. 28 एप्रिल 1923 रोजी लंडनच्या नव्या वेम्बली मैदानात पहिला अंतिम सामना होता. सव्वा लाखाच्या जागेत त्याहून कितीतरी अधिक लोक शिरले आणि हिरवळ माणसांनी भरून गेली. पांढऱ्या घोड्यावरील एका शिपायाने आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना हळूहळू मागे सारले. पाऊण तास उशिरा सामना सुरू झाला तेव्हा लोक अगदी रेघेला पाय लावून उभे होते, तरी बोल्टनचा विजय होऊन सामना पार पडला. तेथे व्यवस्था चुकली होती, पण रेघेचा मान गेला नव्हता. आज नेमके उलट दिसते. व्यवस्था मोठी, आणि रेघेला मान नाही.

हा मान गेला म्हणजे काय होते, याचा इतिहास भयंकर आहे. 24 मे 1964 रोजी पेरू देशाची राजधानी लिमा येथे पेरू व अर्जेंटिना यांचा सामना चालू होता. शेवटच्या काही मिनिटांत पेरूने बरोबरी साधणारा गोल केला, पण पंचांनी तो नाकारला. एक प्रेक्षक मैदानात धावला. त्याच्या पाठोपाठ दुसरा धावला. पोलिसांनी त्यांना मारहाण केली, समुदाय खवळला, अश्रुधूर सुटला आणि घाबरलेले लोक जिन्यांकडे पळाले. जिन्यांच्या तळाशी लोखंडी दारे बंद होती. सरकारी आकड्याप्रमाणे 328 माणसे मेली. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियातील मलंग जिल्ह्यात तेच घडले. यजमान आरेमा संघ 2–3 असा हरला, लोक मैदानात उतरले, पोलिसांनी प्रेक्षकांच्या सज्ज्यांवरही अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडण्याच्या दारांपाशी चेंगरून 135 जीव गेले. त्यांत कितीतरी मुले होती. मैदानात असला धूर वापरू नये, असा जागतिक फुटबॉल संघटनेचा स्पष्ट नियम असताना हे झाले. पोलिसांचा आणि बंद दारांचा अपराध मोठाच आहे. त्यावर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु या दोन्ही प्रसंगी मृत्यूने कोणाला गाठले ते पाहावे. रेघ ओलांडणारे मोकळ्या हिरवळीवर होते. मेली ती वर बसलेली, दाराकडे धावलेली निरपराध माणसे.

मग मैदानाला जाळीच ठोकावी, असा उपाय सुचतो. इंग्लंडने तोही करून पाहिला. 1970 नंतरच्या दशकात तेथील मैदानांवर प्रेक्षकांपुढे उंच लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर त्या जाळ्यांशी लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले गेले. मृतांची संख्या पुढे 97 झाली. जीव वाचविण्यासाठी जे जाळीवर चढत होते, ते मैदानात घुसू पाहणारे हुल्लडबाज आहेत, असाच पोलिसांचा प्रथम समज झाला. प्रेक्षकांचा यात काही दोष नव्हता, हा निर्णय मिळायला 2016 साल उजाडावे लागले. यापूर्वी काहींनी केलेल्या दंग्यांचे प्रायश्चित्त भलत्यांनीच भोगले. जानेवारी 1990 मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, आणि त्यानंतर जाळ्या उतरल्या. 1991 च्या कायद्याने परवानगीवाचून मैदानात जाणे हा गुन्हा ठरला. म्हणजे लोखंड गेले, आणि त्याच्या जागी प्रेक्षकाच्या विवेकावर टाकलेला भरवसा आला. आज कठड्यावरून उडी घेणारा तरुण तो भरवसाच परत करीत आहे. पुन्हा पिंजरा आणा, अशीच ती मागणी होय.

आपल्या देशातही हे दुःख नवे नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल व मोहन बागान यांच्या सामन्यात दंगल होऊन 16 जण मृत्यू पावले. बंगाल तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतो. त्याच शहरात 13 डिसेंबर 2025 रोजी मेस्सीच्या दर्शनासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले. तो आला आणि थोड्याच वेळात निघून गेला. जेवढा वेळ होता, तेवढा वेळ मान्यवर, त्यांचे सगेसोयरे व छायाचित्रे काढणारे यांनी त्याला असा वेढा घातला, की पैसे भरणाऱ्याला तो दिसलाही नाही. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या मोडल्या, लोक मैदानात शिरले. या नासधुशीचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्या दिवशी रेघ प्रथम कोणी ओलांडली? गळ्यात ओळखपत्र अडकविलेल्या प्रतिष्ठितांनी. मोठ्यांनी मोडलेला नियम लहानांनी पाळावा, ही अपेक्षा फोल असते.

आता आपल्या घरातले बोलू. बडोद्यातील अनेक जुन्या मराठी घरांचे सोयरेसंबंध कोल्हापुराशी आहेत. तेथील फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावेच मुळी तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर उन्हातान्हात जमणारी गर्दी पाहून कोणाही क्रीडाप्रेमी माणसाचा ऊर भरून यावा. परंतु तेथेही समर्थकांच्या हाणामाऱ्या, दगडफेक आणि त्यामागून पोलिसांचा लाठीमार हे प्रकार एकाहून अधिक हंगामांत घडले आहेत. आम्हांला याचे वाईट अधिक वाटते, कारण हौद्याची लाल माती कशी राखावी, हे तालमीइतके कोणी शिकविलेले नाही. जोडा घालून हौद्यात पाऊल टाकण्याची कोणाची छाती होत नसे. बघ्याने काठावर बसावे, उतरायचे तर लंगोट कसून. जुम्मादादा आणि माणिकराव यांच्या आखाड्याचा वारसा सांगणाऱ्या या शहराला हे निराळे समजावून द्यायला नको. तीच शिस्त चुन्याच्या रेघेला का लागू नसावी?

उपाय अवघड नाहीत. सामन्याच्या वेळी खेळाडू, पंच व वैद्य यांच्याखेरीज कोणीही, मग तो कितीही मोठा असो, हिरवळीवर जाऊ नये. बक्षीस समारंभ सज्ज्यात करावा. बाहेर पडण्याची दारे सामना संपेपर्यंत उघडी आणि राखणीची असावीत. दंगा करणारा आपल्या पेठेचा म्हणून त्याला पाठीशी न घालता मंडळानेच त्याला पुढच्या हंगामात दाराबाहेर ठेवावे. इंग्लंडातील संघटनांनी 2022 पासून मैदानात शिरणाऱ्याला किमान एक वर्ष बंदी ठरविली आहे, आणि मूल शिरले तर सोबतच्या पालकांवरही ती लागू होऊ शकते. ही शेवटची तरतूद आम्हांला विशेष विचारार्ह वाटते. सामना पाहायला मुलाला बोट धरून नेणारे आपणच असतो. पंचाला शिवी कशी द्यावी, हे ते बहुधा आपल्याच तोंडून प्रथम ऐकते.

तेव्हा येत्या हंगामात मुलाला मैदानावर नेताना वडिलधाऱ्यांनी एवढे एक करावे. आपला संघ कोणता हे त्याला सांगावेच, पण त्याआधी त्याला ती पांढरी रेघ दाखवावी, आणि आपली जागा तिच्या कोणत्या बाजूला आहे तेही सांगावे.