तयारी एकटीची का?

मुलाखतीची तयारी हा काय स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. त्यातून गूगल, मेटा, अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांतली प्रॉडक्ट मॅनेजरची नोकरी, म्हणजे भरपूर पगाराच्या मोजक्या बायकांचं दुखणं! मी पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करते, आणि मला हे म्हणणं पटत नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे एखादं अ‍ॅप कुणासाठी करायचं, त्यात काय घ्यायचं, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणारी व्यक्ती. २०१४ साली अ‍ॅपलने आरोग्याच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप आणलं. आहारातून किती सोडियम पोटात गेलं हे त्यात नोंदवता येत होतं, मासिक पाळी मात्र नाही. ती सोय २०१५ मध्ये आली. ठरवायला कोण बसतं याचे परिणाम असे घराघरांत पोचतात. म्हणून तिथवर नेणारं दार कुणासाठी उघडतं, हे आपण बघायला हवं.

या मुलाखतींतले प्रश्न ठरावीक धाटणीचे असतात. अंध व्यक्तीसाठी गजराचं घड्याळ कसं कराल? अ‍ॅपचा वापर आठवड्यात १० टक्के घटला तर कारण कसं शोधाल? पुण्यात रोज किती गॅस सिलिंडर लागत असतील? शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर कुणालाच अपेक्षित नसतं. १० लाख कुटुंबं धरली, एक सिलिंडर ४० दिवस पुरतो असं धरलं, तर रोज २५ हजार, असा विचार मोठ्याने मांडता येतो का, एवढंच पाहतात. महिन्याचा खर्च बसवणाऱ्या बाईला हा हिशेब अवघड नाही. अवघड आहे तो परक्यांसमोर, घड्याळ लावून, न अडखळता बोलण्याचा सराव.

आणि सरावाला वेळ लागतो. दोन-तीन महिने रोज तासभर, तोही समोर कुणी ऐकणारं असताना. ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’ हे या तयारीचं गाजलेलं पुस्तक २०१३ साली दोन स्त्रियांनीच लिहिलं. पण पुस्तक रीत सांगतं, वेळ देत नाही. मोठ्या कॉलेजातून आलेला मुलगा रात्री अकराला खोलीतल्या मित्राबरोबर सराव करतो. त्याच वेळी त्याच्याच वयाची बाई ओटा पुसून उद्याची कडधान्यं भिजत घालत असते. निकाल लागला की याला गुणवत्ता म्हणायचं! मोकळा वेळ आणि ओळखी यांचंच ते दुसरं नाव नाही का?

दुसरी अडचण ‘मी’ या शब्दाची. अ‍ॅमेझॉन आपल्या १६ तत्त्वांवरून उमेदवाराच्या कामातले प्रसंग विचारते. परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला, अशा क्रमाने सांगायचं असतं. आपल्यातल्या कित्येकजणी इथे ‘आम्ही केलं’ म्हणतात. चळवळीने ‘आम्ही’ म्हणायला शिकवलं, याचा मला अभिमान आहे. पण केलेलं काम आपल्या नावावर मांडणं म्हणजे स्वार्थ नव्हे. घरकाम कुठेच मोजलं जात नाही म्हणून आपण भांडतो ना? मग कचेरीतलं आपलं काम आपणच का झाकायचं?

याची किंमत पैशात मोजावी लागते. मुलाखतीतल्या कामगिरीवर नोकरीबरोबर श्रेणीही ठरते, आणि श्रेणीवर पगार. समान कामासाठी स्त्रियांना खालच्या श्रेणीत घेतलं आणि कमी पगार दिला, असा दावा कॅलिफोर्नियात गूगलवर झाला. २०२२ मध्ये कंपनीने आरोप अमान्य करूनही ११ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. सुमारे १५,५०० स्त्रियांचा त्यात समावेश होता. आधीचा पगार विचारायला त्या राज्यात २०१८ पासून कायद्याने बंदी आहे, कारण जुना अन्याय नव्या पगारात तसाच उतरतो. आपल्याकडे तो प्रश्न सर्रास विचारतात. ‘मूल लहान आहे, मग कसं जमणार?’ हेही मला एका मुलाखतीत विचारलं गेलं. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. पण मुलाखतीच्या बंद खोलीत कायदा आपणहून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ही तयारी एकटीने करायची गोष्टच नाही. आम्ही सातजणी दोन वर्षं रविवारी सकाळी एकीच्या घरी जमतो. एक प्रश्न विचारते, दुसरी उत्तर देते, तिसरी घड्याळ बघते आणि कुठे ‘आम्ही’च्या आड लपलीस ते सांगते. मुलांना पाळीपाळीने सांभाळतो. मुलाखत देऊन आलेली प्रत्येकजण विचारलेली श्रेणी आणि देऊ केलेला पगार उघड सांगते. पगाराचा आकडा लपवण्यात फायदा मालकाचा असतो, हे गिरणीतल्या बायकांइतकंच आम्हालाही लागू आहे.

कंपन्यांकडेही मागायला हवं: श्रेणीचे निकष लेखी द्या, आधीचा पगार विचारू नका, मुलाखतीची वेळ उमेदवाराला निवडू द्या.

मैत्रिणींनो, खुर्ची मिळाली म्हणजे समता आली असं मी मानत नाही. तिथे बसलेली प्रत्येक बाई आपली बाजू घेईल, असंही नाही. पण बायकांच्या हातात पडणाऱ्या वस्तू बायकांना वगळून ठरत राहाव्यात, हे तर आपल्याला मान्य नाही ना? तुमच्या गावात, तुमच्या गटात असा सराव सुरू करता येईल का? जरूर कळवा.