ॲमेझॉनची आग दिसली, देवनारचा धूर कधी दिसणार?

धारावीच्या पुनर्विकासात जी कुटुंबे 'अपात्र' ठरतील त्यांना कुठे पाठवायचे? या प्रश्नावर सरकारने शोधलेल्या उत्तरांपैकी एक आहे देवनार. तिथल्या कचराभूमीची १२४ एकर जागा धारावी प्रकल्पाला देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. मुंबईचा कचरा या जागेवर १९२७ पासून पडत आला आहे. तो हलवण्यासाठी महापालिकेने काढलेल्या निविदेत कचऱ्याचा आकडा १८५ लाख टन आहे. जवळजवळ शंभर वर्षे कचऱ्याखाली दबलेली जमीन, तिथली हवा आणि जमिनीखालचे पाणी माणसाच्या वस्तीला योग्य आहे का? हा प्रश्न काही कार्यकर्ते आणि स्थानिक रहिवासी विचारत आहेत. बाकीचे शहर मात्र जवळपास गप्प आहे.

हे तेच शहर आहे, जे दर नोव्हेंबरला दिल्लीच्या हवेचा आकडा तोंडपाठ सांगते. मग चौदाशे किलोमीटरवरचे धुके दिसते आणि त्याच महापालिकेच्या हद्दीतला धूर का दिसत नाही?

या प्रश्नाचा अभ्यास जगभरात झाला आहे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड उझेल यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना आपला परिसर, आपला देश आणि संपूर्ण जग येथील पर्यावरणाचे प्रश्न किती गंभीर वाटतात, हे विचारले होते. ठिकाण जितके दूर, तितका प्रश्न गंभीर, असे उत्तर मिळाले. पुढे २००९ मध्ये रॉबर्ट गिफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह १८ देशांत अशीच पाहणी केली. बहुतेक देशांतील लोकांना आपल्याकडची परिस्थिती इतर ठिकाणांपेक्षा बरी वाटत होती. सगळ्यांकडची परिस्थिती इतरांपेक्षा बरी असणे अर्थातच शक्य नाही.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. दूरचे संकट आपल्याला बातमीतून कळते, आणि बातमी नेहमी सर्वांत भयंकर दृश्यच दाखवते. जवळचा वास रोजचा असतो, त्याची सवय होते. शिवाय आपला गाव, आपला मोहल्ला खराब आहे, हे कबूल करणे जड जाते. उझेल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. लोकांना जबाबदारी सर्वांत जास्त वाटते ती आपल्या परिसराची, पण तिथेच प्रश्न सर्वांत कमी दिसतो. जगाचा प्रश्न सर्वांत मोठा दिसतो, पण तिथे आपल्या हातात काही नाही असे वाटते. परिणामी माणूस हळहळतो, पण करत काहीच नाही.

इथपर्यंत हे संशोधन पटते. पण भारतात एक गोष्ट जोडावी लागते. आपल्याकडे 'जवळ' आणि 'दूर' किलोमीटरने ठरत नाही. ते जातीने आणि वर्गाने ठरते.

२०१९ सालचे तीन महिने आठवा. ऑगस्टमध्ये ॲमेझॉनचे जंगल पेटले. मुंबईकरांच्या मोबाइलवर त्या आगीची छायाचित्रे फिरली, हळहळ व्यक्त झाली. ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली, तरुण रस्त्यावर आले, अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. ते आंदोलन योग्यच होते. पण या दोन्हींच्या मध्ये, सप्टेंबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने माहुलबद्दल आदेश दिला. तो किती जणांच्या लक्षात आहे?

तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठवले होते. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरीही लोकांना तिथे पाठवणे थांबले नाही. अखेर न्यायालयाला सांगावे लागले की, कोणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नका, दुसरे घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. चैत्यभूमीपासून माहुल पंधरा किलोमीटरच्या आत आहे. शहराच्या मनात मात्र ते ॲमेझॉनपेक्षा दूर होते.

हे अंतर आपल्याला नवीन नाही. गावाची घाण जिकडे, तिकडे गावकुसाबाहेरची वस्ती, ही रचना शहराने जशीच्या तशी उचलली. देवनार आणि गोवंडी ज्या एम-पूर्व विभागात येतात, त्याचा निर्देशांक २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात संपूर्ण शहरात सर्वांत खाली, ०.०५ होता. इथे राहणारे बहुसंख्य दलित, मुस्लीम आणि स्थलांतरित कष्टकरी आहेत. जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमी पेटली आणि धूर शहराच्या इतर भागांत पोहोचला, तेव्हा कुठे देवनार ही राष्ट्रीय बातमी झाली. त्याआधीही तिथे आगी लागतच होत्या, आणि तो धूर वस्तीतली मुले श्वासात घेत होती.

मुंबईबाहेरही चित्र वेगळे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्राची राख यांच्या छायेत जगणाऱ्या तिथल्या माणसांची चर्चा मुंबई-पुण्यात किती होते?

आता एक प्रश्न आपल्या वस्त्यांनाही विचारला पाहिजे. 'धूर तर रोजचाच आहे' हे वाक्य आपल्याही तोंडी बसले आहे. खोकला, दमा, क्षयरोग हे नशिबाचे भोग म्हणून सोसले जातात. तथागतांनी पहिली गोष्ट सांगितली ती दुःख आहे हे ओळखण्याची, आणि दुसरी त्याचे कारण शोधण्याची. नशिबाला त्यात जागा नाही. ज्या १९२७ साली देवनारला कचरा पडू लागला, त्याच साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. स्वच्छ पाणी हा माणूस म्हणून हक्काचा विषय आहे, हे त्या दिवशी ठरले. हवेचेही तसेच आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक विहार समितीने एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी धूर झाला, किती वाजता, कोणत्या घरात कोणाला श्वासाचा त्रास झाला, याची तारखेसह नोंद करावी. माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आपल्या भागातील हवेच्या नोंदी मागवाव्यात. तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. असे कागद हाती असले की वस्तीचे म्हणणे न्यायालयातही टिकते.

आणि देवनारबाबत मागणी स्पष्ट हवी. माती, पाणी आणि कचऱ्यातून निघणारा वायू यांच्या तपासणीचे निष्कर्ष आधी मराठी, हिंदी आणि उर्दूत लोकांसमोर ठेवा. एकाही कुटुंबाला संमतीशिवाय तिथे पाठवू नका. माहुलच्या रहिवाशांना हे प्रश्न तिथे राहायला गेल्यावर, आजारी पडल्यावर विचारावे लागले. देवनारला ते पाया खोदण्याआधी विचारता येतात.