खाटेखालची पाहुणी

हा मजकूर आम्ही खाटेवर बसून लिहीत आहोत आणि खाटेखाली आमची पाहुणी बसली आहे. पाहुणी म्हणजे आठ-नऊ महिन्यांची, तांबूस रंगाची, उभ्या कानांची गावठी कुत्री. तिला आमच्याकडे येऊन तीन महिने झाले, तरी दारावर थाप पडली की ती अजून खाटेखालीच जाते.

या स्तंभात कुत्र्यावर लिहायचे का, असे काही कार्यकर्ते विचारतील. पोरांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वस्तीत पाण्याची बोंब आहे आणि हे गृहस्थ कुत्री घेऊन बसलेत! प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातही तो विचारला गेला.

झाले असे की आमच्या धाकटीच्या मैत्रिणीकडून कळले, भांडुपला एक निवृत्त परिचारिका ताई रस्त्यावरची जखमी पिल्ले तात्पुरती सांभाळतात. याला हल्ली फॉस्टर म्हणतात. जनावर बरे करायचे, माणसांत राहायची सवय लावायची आणि कायमचे घर मिळेपर्यंत ठेवायचे. ही कुत्री त्यांना भर पावसात नाल्याकडेला सापडली होती. पाय सोलवटलेला. त्यांनी तिला रेबीजची व इतर लसी टोचून घेतल्या, जंतांचे औषध दिले, पुढे नसबंदीही करून घेतली.

आम्हाला वाटले, जाऊ आणि घेऊन येऊ. पण स्थळ बघायला आलेली मंडळीही इतके प्रश्न विचारीत नाहीत! दिवसा घरी कोण असते? साखळीने बांधून ठेवणार का? गावाला गेलात तर हिचे काय? दोन घरांना त्यांनी नकार दिला होता, कारण त्यांना राखणीला कुत्रा हवा होता. "ही भुंकणार नाही, दादा. ही घाबरते. आणि हा बारा-पंधरा वर्षांचा मामला आहे, विचार करून या," असे सांगून त्यांनी आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवले. त्यांचे बरोबरच होते. दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच म्हटले आहे, की दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची.

घरी विषय काढला तेव्हा आमच्या आयुष्मती तयार झाल्या. मातोश्री मात्र उखडल्या. "आमच्या गावाला पाटलाचं कुतरं आडावर चढून पाणी प्यायचं. आमी खाली घागर घिऊन हुभ्या. कुणी वतलं तर पाणी. आन् तू कुतरं घरात आनतूस व्हय?"

याला उत्तर काय द्यायचे? ज्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, तिथे पाणी प्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, हे आम्हीच दरवर्षी विहारात पोरांना सांगतो. आम्ही दुसरी युक्ती काढली. फेब्रुवारी १९३४ चे राजगृहातले छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. ते मातोश्रींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले, फोटोला हात जोडले आणि म्हणाल्या, "बाबासायबांचं राजगृह हुतं. तुझ्या दोन खोल्या हायेत, त्यातबी मोरी."

आम्ही हरलो. शेवटी नातीच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे त्यांनी "आना बाबा काय आनायचं ते" म्हटले.

कुत्री आली आणि उंबऱ्यापाशीच थांबली. दोन दिवस ती गॅलरीतच भिंतीला चिकटून बसली. ओढून आत घ्यायचे नाही, टक लावून बघायचे नाही, वरून डोक्याला हात लावायचा नाही, असे ताईंनी बजावले होते. म्हणून धाकटीने खाण्या-पिण्याची भांडी उंबऱ्याबाहेर ठेवली. कुणी बघत नसेल तेव्हाच ती पाणी प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मातोश्रींनी बाहेर जाऊन ते भांडे उचलले. आम्हाला वाटले, फेकतात. त्यांनी ते मोरीत नेऊन स्वतःच्या हाताने घासले, पाणी भरले आणि आत, दाराशेजारी ठेवले. "भायेर नगं ठिवू. मी रोजानं जायची तवा मालकाच्या वळचणीला माझी कपबशी आसायची. आपुनच इसळायची, आपुनच म्होरं धरायची. चा वरनं वतायचे."

धाकटी म्हणाली, "आजी, कुत्रीचं भांडं वेगळंच ठेवायचं असतं."

"येगळं आसू दे. घरात आसू दे."

आम्ही चळवळीत वीस वर्षे काढली, अस्पृश्यतेवर भाषणे ठोकली. आमच्या आईच्या कपबशीची गोष्ट आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

त्या रात्री कधीतरी कुत्री आत आली. सकाळी खाटेखाली शेपूट दिसले.

ज्या वाचकांच्या मनात असे काही असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. भित्रे कुत्रे पळून जाण्याची भीती पहिल्या आठवड्यांत सर्वांत जास्त, म्हणून बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही घालावेत. खाणे महागडे लागत नाही, भात, अंडे, थोडी कोंबडी पुरते. मात्र कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट कदापि नाही. शिजवलेली हाडेही नाहीत, ती आतड्यात टोचतात. रेबीजची लस डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी आणि महापालिकेचा परवाना काढावा. सोसायटीवाले कुरकुर करतील, आमच्याकडेही केली. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. पण जिन्यातली घाण आपली आपण उचलावी, म्हणजे कागद दाखवायची वेळ येत नाही. आणि कुणालाही कुत्रा चावला, लस दिलेला का असेना, तर हळद-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व लगेच दवाखाना गाठावा.

आता एक अडचण आमच्याच घरातली. दिवाळीच्या फटाक्यांत ही पोर दोन दिवस जेवली नाही, थरथरत होती. फटाक्यांना आम्ही नावे ठेवली. तेव्हा आयुष्मती म्हणाल्या, "आणि १४ एप्रिलला तुमचा डीजे खिडकीखाली लागेल, तेव्हा?" आम्ही जयंती समितीचे चिटणीस! बैठकीत विषय मांडला, खोलीत आजारी म्हातारी माणसे आहेत, तान्ही पोरे आहेत हेही सांगितले. कुत्रीचे नाव काढताच पोरे हसली. बरीच हुज्जत झाली. शेवटी स्पीकरची तोंडे मैदानाकडे करायची आणि चाळींपाशी फक्त लेझीम ठेवायचे, एवढे ठरले आहे. पोरे पाळतात का ते बघायचे.

मातोश्रींनी आजवर एकही मिरवणूक चुकवलेली नाही. परवा त्यांनी आम्हाला बोलावून सांगितले, "औंदा तुमी जावा. मी हिच्यापाशी बसते. मिरवणूक दारावरनं जाईल तवा गॅलरीतनं फुलं टाकीन."